डीप रॉक गॅलॅक्टिक खेळताय? मग या चुका टाळा

गेल्या रविवारी आमच्या डिस्कॉर्ड ग्रुपवरच्या तीन नवीन मुलांना घेऊन हा चौघांनी मिळून खेळायचा व्हिडिओ गेम खेळायला बसले. तीन मोहिमा झाल्या आणि तिन्हीत तेच घडलं. रिसप्लाय पॉड, म्हणजे वरून मागवलेला अ‍ॅमोचा (दारूगोळ्याचा) डबा, खाली आदळला, एक जण धावत गेला आणि चारपैकी दोन खण एकट्याने उचलून मोकळा झाला. बाकीचे तिघे अजून मागे ग्लिफिड नावाचे किडे अडवत उभे होते. विचारलं तर म्हणाला, "ताई, माझा अ‍ॅमो संपला होता." अरे, सगळ्यांचाच संपला होता, म्हणून तर पॉड मागवला.

हे इतक्यांदा समजावून झालंय की आता लिहूनच ठेवते.

ज्यांनी नुकताच हा खेळ घेतलाय त्यांच्यासाठी दोन ओळी. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्स या स्टुडिओने तो बनवला. २०१८ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला आणि १३ मे २०२० रोजी पूर्ण रूपात निघाला. हॉक्सेस ४ नावाच्या ग्रहाच्या पोटात चार ड्वार्फ उतरतात, खनिज काढतात आणि तिथल्या परग्रही किड्यांशी लढत बाहेर पडतात. स्काउट, इंजिनिअर, ड्रिलर आणि गनर असे चार क्लास. प्रत्येकाची लेव्हल वेगळी वाढते, शस्त्रांचे अपग्रेड वेगळे, पर्क (जास्तीच्या क्षमता) ज्याने त्याने निवडायचे. गुहा दर वेळी नव्याने तयार होते, त्यामुळे नकाशा पाठ करून काही उपयोग नाही. इथे उपयोगी पडतं ते बाकीच्या तिघांकडे लक्ष ठेवणं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ते लक्ष सुटल्यामुळेच होतात.

नायट्रा आणि रिसप्लाय

लाल खनिज दिसलं की तो नायट्रा. ८० नायट्रा जमला की एक रिसप्लाय पॉड मागवता येतो. पॉडमध्ये चार खण असतात आणि एका खणातून तुमच्या कमाल अ‍ॅमोच्या निम्मा अ‍ॅमो मिळतो. चौघे असाल तर माणशी एक खण, दोघे असाल तर माणशी दोन. खेळ तुम्हाला जास्त घेण्यापासून अडवत नाही. ते तुमच्यावर सोडलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची एक एलिमिनेशन मोहीम अजून डोक्यातून जात नाही. हेझर्ड ४, म्हणजे अवघडपणाची चौथी पातळी, आणि दोन ड्रेडनॉट (अवाढव्य किडे) मारायचे. मी नेहमीप्रमाणे गनर. पहिला ड्रेडनॉट पडला तेव्हा माझ्या मिनीगनमध्ये दीडशेच्या आसपास गोळ्या उरल्या होत्या, म्हणजे काहीच नाही. गुहेत नायट्रा कमी होता. स्काउटने छतालगतच्या शिरा खोदून खोदून ८४ जमवला. पॉड मागवला, मॉलीत, म्हणजे आमचं खनिज वाहणाऱ्या चालत्या यंत्रात, उरले ४. म्हणजे यानंतर दुसरा पॉड जवळजवळ नाहीच, हे सगळ्यांना स्क्रीनवर दिसत होतं.

पॉड उतरला आणि त्याच क्षणी स्वॉर्म, म्हणजे किड्यांची झुंड, आला. मी आणि इंजिनिअर गुहेच्या तोंडाशी उभे राहिलो. तो स्वॉर्म निपटून पॉडपाशी पोचले तर तीन खण रिकामे आणि एकच उरलेला. आमच्यात नवीन आलेल्या ड्रिलरने दोन घेतले होते आणि एक स्काउटने, त्याच्या हक्काचा. इंजिनिअर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी तो खण मी त्याला दिला, कारण त्याच्या टरेटशिवाय (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीशिवाय) ड्रेडनॉटसमोर उभं राहणं कठीण होतं. ड्रिलरच्या टाकीत इंधन इतकं झालं होतं की मोहीम संपली तेव्हा निम्म्याहून जास्त तसंच शिल्लक. ड्रेडनॉट पाठीमागून मारायचा असतो, त्याची पुढची बाजू चिलखतासारखी. पाठ मिळाली तेव्हा माझ्या हातात फक्त कुदळ होती. चौघेही पडलो. पस्तीस मिनिटांची मेहनत गेली.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याला घाई होती. पॉड दिसला की घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

माझी सवय अशी: पॉड उतरला की आधी चौघांचा अ‍ॅमो बघते, स्क्रीनवर कोपऱ्यात प्रत्येकाच्या नावापाशी अंदाज येतो. माझा निम्म्याच्या वर असेल तर माझा खण तसाच ठेवते आणि माइकवर सांगते. माइक नसेल तर चॅटवर लिहिते. नंतर येऊन घेता येतो, पॉड कुठे पळून जात नाही. दुसरी सवय, पिशवीत नायट्रा असेल तर जाता-येता मॉलीत टाकत जाते. तुमच्या पिशवीतला नायट्रा मॉलीत पडेपर्यंत मोजला जात नाही. कित्येक वेळा टीम ७२ वर अडकून बसते आणि एखाद्याच्या पाठीवर वीस असतात. पीसीवर सी दाबलं की मॉली तुमच्याकडे येते. तेवढं करा.

आणि पॉड मागवल्यावर त्याच्या खाली उभे राहू नका. तो छत फोडून येतो आणि खाली जो असेल त्याला चिरडतो.

स्काउट झालात ना, मग उजेड पाडा

स्काउट घेणाऱ्यांना दोरीचा हूक आवडतो. सगळी गुहा झुलत फिरतात. फ्लेअर गनचं मात्र विसरतात. अंधारात आम्ही तिघे आवाजावर गोळ्या मारतोय आणि स्काउट कुठेतरी वर सोनं खोदतोय, हे चित्र मला सहन होत नाही. नवीन गुहेत शिरलात की पहिलं काम छताला आणि समोरच्या भिंतीला फ्लेअर. मग बाकीचं.

इंजिनिअर असाल तर वरच्या खनिजाखाली प्लॅटफॉर्म मारून द्या. स्काउट हुकाने तिथे जाईल आणि उभा राहून खोदेल. ही जोडी जमली की नायट्राची अर्धी चिंता मिटते. कुठे प्लॅटफॉर्म हवा ते लेझर पॉइंटरने दाखवा, पीसीवर कंट्रोल. "तिकडे, अरे तिकडे" असं ओरडून काही कळत नाही.

पॉडचं बटण

मुख्य काम संपलं की मॉलीवरचं बटण दाबून परतीचा पॉड बोलवायचा. दाबलं की पाच मिनिटांची उलटी मोजणी सुरू, आणि किड्यांची रांग लागते ती शेवटपर्यंत. बटण एकदा दाबलं की मागे घेता येत नाही. निदान एक जण पॉडमध्ये असल्याशिवाय मोहीम यशस्वी होत नाही.

माझा मावसभाऊ ड्रिलर खेळतो. सुरुवातीच्या दिवसांत त्याने एकदा मॉर्काइट या खनिजाचा कोटा पूर्ण झाल्या झाल्या बटण दाबलं. कुणाला विचारलं नाही. मी एका खोल खड्ड्याच्या तळाशी होते, झिपलाइनच्या शेवटच्या दोन फेऱ्या संपलेल्या. स्काउट पलीकडच्या गुहेत. मॉली निघाली भिंतीवरून तुरुतुरु. मी खड्ड्यातून वर यायला दोन मिनिटं घेतली, पायऱ्या खोदत. वर आले तोवर दोन प्रिटोरियन (मोठे चिलखती किडे) वाटेत. तो पॉडमध्ये जाऊन उभा होता आणि म्हणत होता, "ताई, लवकर ये." मी आणि स्काउट आत पोचलोच नाही. मोहीम जिंकली असं लिहून आलं. मला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्या रात्री मी त्याला फोन करून अर्धा तास समजावलं.

मी काय करते ते सांगते. कोटा पूर्ण झाला की आधी टॅब दाबून नकाशा उघडते आणि चौघे कुठे आहेत ते बघते. मग शेवटचा रिसप्लाय, जमत असेल तर. मग सगळे मॉलीपाशी. सगळ्यांनी व्ही दाबून "रॉक अँड स्टोन" म्हटलं की मगच बटण. टीममध्ये ड्रिलर असेल तर त्याने पॉडच्या दिशेने सरळ बोगदा मारायचा. वाकड्यातिकड्या गुहेपेक्षा तो केव्हाही बरा, आणि बोगद्यात किडे एकाच बाजूने येतात. वाट चुकलात तर मॉलीने मागे टाकलेल्या हिरव्या खुणा धरा, त्या पॉडपर्यंत नेतात.

वाटेत कुणी डाऊन झाला तर घड्याळ बघा. दोन मिनिटांच्या वर वेळ असेल तर मी परत जाते. नेहमी. पंचेचाळीस सेकंद उरले असताना तिघांनी एकाला आणायला जाणं म्हणजे चौघेही घालवणं, अशा वेळी निदान एकाला पॉडमध्ये ठेवून जा.

छोट्या चुका, पण रोजच्या

तुमची गोळी साथीदारालाही लागते. ड्रिलरने सॅचेल चार्ज (स्फोटक) टाकायच्या आधी ओरडून सांगावं.

ड्रेडनॉटचा कोष दिसला म्हणून लगेच गोळी मारू नका. फोडला की तो बाहेर येतो. आधी अ‍ॅमो, आधी जागा.

बल्क डिटोनेटर, तो चमकणारा अवाढव्य, मेल्यावर फुटतो आणि जमिनीत मोठा खड्डा पाडतो. त्याला टीमपासून लांब ओढून मारा. मेला की पळा, जवळ उभं राहून आनंद साजरा करू नका.

वर बघा. केव्ह लीच छताला लटकून बसलेला असतो आणि धरल्यावर एकट्याने सुटणं अवघड.

कुणाच्या मागे फिरणारा पाळीव ग्लिफिड म्हणजे स्टीव्ह. बीस्ट मास्टर पर्कने माणसाळवलेला असतो. त्याच्यावर अ‍ॅमो घालवू नका.

लवकर मोठं व्हायची घाई

हा माझा जुना राग आहे. चार मोहिमा खेळून लोक हेझर्ड ५ च्या लॉबीत (खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत) शिरतात, कारण तिथे अनुभव जास्त मिळतो. दर दोन मिनिटांनी पडतात आणि बाकीच्यांनी रिव्हाइव्ह करत बसायचं. हेझर्ड ३ वर एक क्लास नीट शिका. लेव्हल २५ झाली की प्रमोशनची असाइनमेंट मिळते, ओव्हरक्लॉक, म्हणजे शस्त्रांचे खास बदल, त्यानंतरच येतात. तोपर्यंत साध्या बंदुकीने नेम बसला पाहिजे. व्हिडिओ बघून कुणाचा तरी अनस्टेबल ओव्हरक्लॉक उचलणाऱ्यांनी त्याचे तोटेही वाचावेत, लाल अक्षरांत लिहिलेले असतात. सेव्ह फाइल बदलून सगळं एकदम उघडणारेही भेटतात. त्यांच्याकडे सगळी हत्यारं असतात आणि एकही हाताला बसलेलं नसतं. हा खेळ शिकण्यातच मजा आहे, ती मजा स्वतःच्या हाताने का घालवायची?

खेळ चालूच होत नाही, मित्र दिसत नाही वगैरे

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो: "आम्ही दोघांनी घेतलाय, पण एकमेकांच्या लॉबी दिसत नाहीत." एकाने स्टीमवर घेतलेला असतो आणि दुसरा एक्सबॉक्सच्या गेम पासवर. ते दोन वेगळे आहेत, एकत्र खेळता येत नाही. एक्सबॉक्स आणि विंडोजच्या स्टोअरवरचे एकमेकांशी खेळू शकतात, स्टीमवाले स्टीमवाल्यांशीच. प्लेस्टेशनवाले तिसरीकडे. पैसे भरायच्या आधी मित्राला फोन करा.

"माझी प्रगती गायब झाली" असं म्हणणाऱ्याला मी आधी मॉड (खेळात बदल करणारी जोडणी) विचारते. सँडबॉक्स गटातला मॉड लावला की खेळ वेगळी सेव्ह वापरतो. तो काढला की जुनी प्रगती जशीच्या तशी असते. घाबरून खेळ पुन्हा डाउनलोड करत बसू नका.

किडे जागच्या जागी उडतात, गोळी लागून अर्ध्या सेकंदाने मरतात, तर कॉम्प्युटरला दोष देण्याआधी होस्ट कुठला आहे बघा. चौघांपैकी एकाच्या मशीनवर सगळी मोहीम चालते. होस्ट युरोपात आणि तुम्ही पुण्यात असाल तर लॅग येणारच. जवळची लॉबी निवडा किंवा स्वतः होस्ट व्हा.

पण होस्ट व्हायचं तर उठून जायचं नाही. होस्ट गेला की मोहीम तिथेच संपते, बाकीच्या तिघांचं सगळं पाण्यात. जेवायला हाक येणार असेल, लाईट जाण्याची खात्री नसेल तर दुसऱ्याच्या लॉबीत जा. मी राउटरला छोटा यूपीएस लावलाय. तरीही जून ते सप्टेंबर आमच्या भागात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून गुरुवारी दुपारी साडेचारला नवीन डीप डाइव्ह आली की त्या रात्री नागपूरची मैत्रीण होस्ट करते. तीन टप्पे सलग, अ‍ॅमो एका टप्प्यातून दुसऱ्यात जसा आहे तसाच येतो, आणि तिच्याकडे इन्व्हर्टर आहे.