मोबाइलमधल्या फोटोंचे प्रिंट: फाइल, कापाकापी आणि कागद

लॅबच्या काउंटरवर फोटो पोहोचतो तोवर त्याचं बरंचसं भवितव्य ठरलेलं असतं. फाइल मूळ आहे की फॉरवर्ड होत होत आलेली, तिचा आकार कागदाच्या आकाराशी जुळतो का, आणि प्रिंट कुठल्या कागदावर निघणार, एवढं आधी पाहून घेतलं की लॅब नाक्यावरची असो की ऑनलाइन, फोटो चांगला येतो. यातलं पहिलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. आजच्या साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो मात्र ४०३२ × ३०२४ पिक्सेलच्या आसपास असतो. पोस्टकार्ड आकाराच्या ४×६ इंची प्रिंटला १६०० पिक्सेल चालून जातात, म्हणून हा फरक बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतो तो मोठा फोटो काढायची वेळ आली की.

दहाव्या-तेराव्याला ठेवायचा फोटो घ्या. आजोबांचा एकट्याचा फोटो सापडत नाही, मग लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून घ्यायचा ठरतं. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, १६०० × १२०० चा. त्यातून डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग कापला तर हाती येतात समजा ४०० × ५०० पिक्सेल. तो ८×१० इंचावर छापला की इंचाला ५० पिक्सेल पडतात. डोळे, मिशी, चष्म्याची काडी सगळं एकमेकांत मिसळतं. तोच फोटो ज्याच्या फोनवर काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवली, तर तेवढ्याच भागात सुमारे १००० × १२६० पिक्सेल मिळतात. म्हणजे इंचाला १२६. भिंतीवर किंवा पाटावर ठेवून चार-पाच फुटांवरून पाहायला एवढे पुरतात. त्यामुळे अशा वेळी पहिला फोन लॅबला न करता फोटो काढणाऱ्या भाच्याला करावा.

मूळ फाइल पाठवायला सांगताना नीट सांगा: व्हॉट्सॲपमध्ये गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठव. तसं केलं की फाइल जशीच्या तशी येते. ‘एचडी’ हा पर्याय साध्यापेक्षा बरा, पण त्यातही फाइल दाबली जातेच. ईमेलने पाठवत असाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून जास्त असेल तर गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर तिथली प्रत मूळ नसते, मूळ फाइल फोनमध्ये असते.

फाइल मूळ आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तिचं वजन. १२ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण ३ ते ५ एमबी भरतो. तपशिलात २०० किंवा ३०० केबी दिसलं तर तो फोटो कुठून तरी फिरून आलेला आहे. स्क्रीनशॉटवरून प्रिंट काढू नका. त्यात फक्त स्क्रीनएवढे पिक्सेल असतात. आणि फाइलवर ‘७२ डीपीआय’ (इंचाला ठिपके) लिहिलेलं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तो आकडा नुसती चिठ्ठी आहे. मोजायचे ते पिक्सेल.

हिशेब असा. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल उत्तम, २०० चालतात. म्हणजे ४×६ ला १२०० × १८००, ५×७ ला १५०० × २१००, ८×१२ ला २४०० × ३६०० उत्तम आणि १६०० × २४०० चालण्यासारखे. १२×१८ भिंतीवर लागतो, त्याला इंचाला १५० ते २०० पुरे. फाइल कमी पडत असेल तर ॲपने ‘एन्हान्स’ करून घेण्यापेक्षा प्रिंटचा आकार कमी करा. ही ॲप्स नसलेला तपशील अंदाजाने भरतात, आणि चेहरा आपल्या माणसासारखा दिसत असूनही आपल्या माणसाचा राहत नाही.

जुना कागदी फोटो असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. ४×६ चा फोटो त्यातून २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो. त्याहून वर जाऊन फारसं हाती लागत नाही, कारण कागदावरच त्यापेक्षा बारीक तपशील नसतो. स्कॅनर नसेल तर फोटो फ्रेममधून बाहेर काढा, खिडकीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि फोन फोटोला अगदी समांतर धरा. काचेसकट काढलेल्या फोटोत स्वतःचा फोन आणि छतावरची ट्यूब उतरते.

आयफोनवाल्यांनी आणखी एक पाहायचं. फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात साठलेले असतात आणि बऱ्याच लॅबच्या संगणकावर ते उघडत नाहीत. शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की जेपेग जातो. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे तोच पर्याय ठेवा.

डोकी आणि पाय का कापले जातात

फोनचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, तर ४×६ चा कागद ३:२ प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या आखूड बाजूचा नववा भाग कापावाच लागतो. ४०३२ × ३०२४ मधले ३३६ पिक्सेल जातात. फोन आडवा धरून काढलेल्या फोटोत ही कात्री वर-खाली लागते: मागच्या रांगेतल्यांची डोकी, पुढे बसलेल्यांचे पाय. उभ्या फोटोत ती डावी-उजवीकडे लागते आणि कडेला उभी असलेली काकू अर्धी जाते. कॅमेरा १६:९ वर ठेवून काढलेल्या फोटोत उलट होतं, त्याची लांबी जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, प्रमाण जुळणारा आकार मागा: ६×८ बरोबर ४:३ आहे, तसाच १२×१६, काही लॅब ४.५×६ देखील देतात. दुसरा, पूर्ण फोटो ४×६ वर बसवून घ्या. दोन कडांना प्रत्येकी एक तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी राहील, ती हवी तर कापा. तिसरा आणि सगळ्यात चांगला, फोनमध्येच क्रॉप करताना ३:२ प्रमाण निवडा आणि काय ठेवायचं ते स्वतः ठरवा. मूळ फोटोवर न करता प्रतीवर करा. कडेला थोडी मोकळी जागाही सोडा, कारण बिनबॉर्डरचा प्रिंट काढताना यंत्र चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर बाहेर टाकतं.

याच कारणाने पासपोर्ट आकाराचे फोटो फसतात. ३५ × ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४×६ वर बसतात, पण बिनबॉर्डर छपाईत सगळं पान किंचित मोठं होतं आणि ३५ चे ३६ होतात. पहिलं पान हातात आलं की पट्टी लावून मोजा.

लॅबमध्ये काय मागायचं

‘फोटो प्रिंट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. खऱ्या कलर लॅबमध्ये रोलच्या फोटो पेपरवर प्रकाश टाकून रसायनातून प्रिंट काढतात. पाठीमागे पाहा, कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव फिक्या अक्षरांत बहुधा छापलेलं असतं. रंग एकसारखे, आणि अल्बममध्ये बंद राहिला तर पुष्कळ वर्षं टिकतो. दुसरा प्रकार छोट्या यंत्राचा: रिबनवरून पिवळा, गुलाबी, निळा असे थर एकामागून एक चढतात आणि वर पारदर्शक थर बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये जागेवर मिळतो तो हा. ४×६ आणि ६×८ साठी चांगला, पाण्याच्या शिंतोड्याला घाबरत नाही. तिसरा म्हणजे कलर झेरॉक्सच्या दुकानातला इंकजेट. साध्या शाईचा असेल तर ओल्या बोटाने रंग सुटतो आणि उन्हाच्या भिंतीवर काही महिन्यांत गुलाबी तरी पडतो किंवा पिवळा. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. भिंतीवर लावायच्या फोटोसाठी नको.

तालुक्याच्या गावात स्टुडिओवाला मोठे प्रिंट बहुधा स्वतः काढत नाही, जिल्ह्याच्या लॅबला पाठवतो. ४×६ लगेच मिळाले तरी १२×१८ ला एक-दोन दिवस धरा.

ग्लॉसी की मॅट हे फोटो कुठे राहणार त्यावर ठरवा. हाताळायच्या आणि काचेमागे जायच्या फोटोला मॅट. ग्लॉसी रंगाला जोरदार, आणि पुढे कधी स्कॅन करायचा झाला तर तोच बरा, कारण खरखरीत सिल्क पेपरचे दाणे स्कॅनमध्ये उमटतात. पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ग्लॉसी फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि मग सोडवताना रंगासकट येतो. फ्रेमवाल्याला मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा; काच आणि फोटो यांत फट राहते.

एमडीएफच्या पाटीवर चिकटवून वर प्लास्टिक चढवलेली ‘लॅमिनेशन फ्रेम’ स्वस्त असते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. पण तो फोटो परत निघत नाही, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर पाटी कडेने फुगते. घरातला एकमेव जुना मूळ फोटो कधीही लॅमिनेट करू नका. त्याची प्रत काढून ती करा.

रंगाचं दुखणं दोन जागी असतं. एक, फोनचा स्क्रीन स्वतः उजळतो, कागद नाही. म्हणून प्रिंट नेहमी अंधारे वाटतात. ब्राइटनेस निम्म्यावर आणून, नाइट मोड बंद करून फोटो पाहा. सावलीतले चेहरे तेव्हा काळे वाटत असतील तर तेवढे उजळून घ्या. दोन, लॅबचं ऑटो करेक्शन. एकाच रंगाचा फोटो दिसला की यंत्राला तो बिघाड वाटतो आणि ते उलटा रंग मिसळतं. हळदीच्या फोटोतली हळद राखट होते, लाल मंडपात बसलेल्यांचे चेहरे हिरवट पडतात. हळद, गणपतीची रोषणाई, सूर्यास्त असे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये द्या आणि ‘करेक्शन न करता काढा’ असं स्पष्ट सांगा. उलट, वेगवेगळ्या फोनवरून आलेल्या घरगुती फोटोंना करेक्शनचा फायदाच होतो.

दोनशे फोटो काढायचे असतील तर आधी चार काढून घ्या: एक अंधारा, एक उन्हातला, एक जवळून चेहऱ्याचा, एक पांढऱ्या कपड्यांचा. दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका, बाहेर उजेडात नेऊन पाहा. पटले तर उरलेले सोडा. फोल्डरच्या नावातच सूचना लिहा, ‘४ बाय ६ मॅट २ प्रती’ अशी. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं. पेनड्राइव्हवर फक्त प्रती न्या आणि घरी आणल्यावर तो व्हायरससाठी तपासा. काम झाल्यावर दुकानाच्या संगणकावरचे फोटो समोर उभं राहून पुसून घ्या. लहान मुलांचे आणि ओळखपत्रांचे तर नक्कीच.

ऑनलाइन मागवताना

फोटोबुक, कॅनव्हास, कॅलेंडर आणि शे-दीडशे प्रिंट एकदम, यासाठी ऑनलाइन सोयीचं. दहा फोटोंसाठी नाही, कुरिअरचाच खर्च जास्त होतो. भावाची तुलना करताना कुरिअर आणि जीएसटी धरून एकूण रकमेला प्रिंटच्या संख्येने भागा.

अपलोड वायफायवर करा, आणि ॲपमध्ये अपलोडच्या दर्जाचं सेटिंग असेल तर ते ‘ओरिजिनल’वर ठेवा. मग प्रत्येक फोटोचं क्रॉप उघडून पाहा. ‘फिल’ म्हणजे कापून भरणार, ‘फिट’ म्हणजे पूर्ण बसवून पट्टी सोडणार. कमी रेझोल्यूशनची पिवळी खूण दिसली तर ती खरीच असते, पुढे ढकलू नका. फोटोबुकमध्ये दोन पानांवर पसरलेला फोटो टाकायचा असेल तर चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नका. साध्या बांधणीत घडीतला काही भाग दिसतच नाही. तसाच फोटो हवा असेल तर पानं सपाट उघडणारी बांधणी निवडा. कॅनव्हासच्या चारी कडा लाकडाभोवती वळतात, त्यात प्रत्येक बाजूचा इंच-दीड इंच जातो. तो भाग मोजून मोकळा ठेवा.

परदेशातून गावाकडे आई-बाबांसाठी मागवत असाल तर संपर्काला त्यांचाच भारतातला मोबाइल नंबर द्या. कुरिअरवाला परदेशी नंबरवर फोन करत नाही आणि पार्सल परत जातं. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. दुमडलेला किंवा ओरखडा पडलेला प्रिंट असेल तर त्याच दिवशी कळवा.

अल्बम घेताना चिकट पानांचा घेऊ नका. तो डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. खिशांचा अल्बम घ्या, पीव्हीसीच्या वासाचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा. पूर किंवा गळतीत लॅबचे प्रिंट भिजून एकमेकांना चिकटले तर ओढून काढू नका; स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, हळूहळू सुटतात, मग तोंड वर करून सावलीत वाळवा. इंकजेटला हा उपाय लागू नाही, त्याची शाई वाहून जाते.

मागे नावं आणि साल लिहायला बॉलपेन वापरू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोटो पेपरच्या गुळगुळीत पाठीवर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर चालतो. कडेजवळ लिहा, चेहऱ्याच्या मागे नको, आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो गठ्ठ्यात ठेवू नका. ओली शाई खालच्या फोटोच्या तोंडावर उतरते.