मिक्स्ड डबल्समध्ये पुढची खेळाडू कशी घडवायची: लिलियाना नात्सिरच्या खेळावरून

पुण्यातल्या बॅडमिंटन कोर्टांवर मिक्स्ड डबल्स सुरू झाली की पहिली सूचना बहुतेक वेळा हीच असते: "तू नेट सांभाळ, मागचं मी बघतो." मग बाई नेटला चिकटून उभी राहते, अंगावर आलेलं शटल कसंबसं परत टाकते आणि पुरुष मागे दोन्ही कोपऱ्यांत धावत राहतो. ओळखीच्या चार जणांत ही जोडी जिंकतेही. समोर शिकलेली जोडी आली की पुढची आणि मागचा यांच्या मधल्या पट्ट्यात शटल पडू लागतं आणि ते नेमकं कुणाचं, हेच दोघांना कळत नाही.

मिक्स्डमध्ये रॅलीला दिशा देते ती पुढची खेळाडू. याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे इंडोनेशियाच्या लिलियाना नात्सिरची कारकीर्द. १९८५ साली उत्तर सुलावेसीतल्या मनाडोला जन्मलेल्या लिलियानाने नोव्हा विडिआंतोबरोबर २००५मध्ये अनाहाइमला आणि २००७मध्ये क्वालालंपूरला जागतिक विजेतेपद मिळवलं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच जोडीला रौप्यपदक मिळालं. २०१०पासून ती तोंतोवी अहमदबरोबर खेळू लागली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ऑल इंग्लंड स्पर्धेचं विजेतेपद, २०१३ला ग्वांगझू आणि २०१७ला ग्लासगो इथे जागतिक विजेतेपद, आणि १७ ऑगस्ट २०१६ रोजी, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, रिओत ऑलिंपिक सुवर्ण. जानेवारी २०१९मध्ये ती निवृत्त झाली.

या यादीतली शिकण्याची गोष्ट पदकांच्या संख्येत नाही. नोव्हा तिच्याहून सुमारे आठ वर्षांनी मोठा होता. तोंतोवी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. एकाबरोबर ती नवखी होती, दुसऱ्याबरोबर जाणती. दोघांबरोबर ती दोन-दोनदा जगज्जेती झाली. म्हणजे पुढच्या खेळाडूचं काम नीट बसवता येतं आणि जोडीदार बदलला तरी ते टिकतं. ते कसं बसवायचं, ते पुढे दिलं आहे.

उभं कुठे राहायचं

शॉर्ट सर्व्हिस लाइन नेटपासून १.९८ मीटरवर असते. ती जिथे मधल्या रेषेला मिळते, त्याच्या साधारण एक पाऊल मागे पुढच्या खेळाडूची मूळ जागा. क्लबमध्ये बहुतेक जणी याच्या बऱ्याच पुढे उभ्या राहतात, कारण तिथून टॅप (नेटवरचं शटल हलकेच खाली मारणं) सोपा वाटतो. पण नेटच्या जवळ गेलात की समोरचा ड्राइव्ह (सपाट, वेगाचा फटका) दिसेपर्यंत तो बाजूने निघून गेलेला असतो. एक पाऊल मागे सरकल्यावर तोच ड्राइव्ह अडवायला वेळ मिळतो, आणि नेटवर पडणाऱ्या शटलला तर एका लंजमध्ये (लांब टाकलेल्या पावलात) पोहोचता येतंच.

रॅकेटचं डोकं नेटच्या पट्टीच्या वर, कोपर शरीराच्या पुढे, टाचा किंचित उचललेल्या. रॅकेट कमरेपाशी लोंबत असेल तर पाय कितीही चपळ असले तरी शटल पट्टीखाली गेल्यावरच हाताला लागतं, आणि मग उचलण्यावाचून गत्यंतर नसतं.

जोडीदार मागून मारत असेल तेव्हा मधल्या रेषेवर खिळून राहू नका. तो उजव्या कोपऱ्यातून सरळ स्मॅश मारत असेल तर तुम्ही अर्धं पाऊल उजवीकडे. सरळ येणारं उत्तर सगळ्यात कमी अंतराचं, म्हणून सगळ्यात लवकर पोहोचणारं. क्रॉस, म्हणजे तिरप्या, उत्तराला वेळ लागतो, तेवढ्यात सरकता येतं. आणि वळून मागे पाहायचं नाही. जोडीदार कुठून मारतोय हे समोरच्यांच्या रॅकेटवरून आणि नजरेवरून कळतं. मागे पाहण्यात गेलेला क्षण परत मिळत नाही.

सर्व्हिस आणि तिसरा फटका

सरावाचा निम्मा वेळ इथे घालवा, इतकं हे महत्त्वाचं आहे. सर्व्हिस हा पहिला फटका, रिसीव्ह दुसरा, आणि तिसरा फटका तुमच्या जोडीचा. मिक्स्डमधल्या बऱ्याच रॅली या तिसऱ्या फटक्यापाशी कुणाच्या तरी बाजूला झुकलेल्या असतात.

बॅकहँड शॉर्ट सर्व्हिसमध्ये शटलचा सर्वांत उंच बिंदू नेटच्या अलीकडे, आपल्या बाजूला आला पाहिजे. तो पलीकडे गेला की रिसीव्हरला चढत्या शटलवर झडप घालता येते. नियमाप्रमाणे मारताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असायला हवं, हे सरावातही पाळा. छातीपाशी धरून सर्व्हिस करायची सवय लागली की पंच असलेल्या पहिल्याच स्पर्धेत फॉल्ट दिले जातात.

सरावासाठी नेटच्या पट्टीच्या वीतभर वर, दोन्ही खांबांना बांधून एक दोरी ताणा. शटल पट्टी आणि दोरीच्या मधून जायला हवं आणि समोरच्या शॉर्ट सर्व्हिस लाइनवर पडायला हवं. एका बाजूने २५, दुसऱ्या बाजूने २५. पन्नासातल्या चाळीस जमेपर्यंत फ्लिक सर्व्हिस (रिसीव्हरच्या डोक्यावरून मागे टाकलेली) शिकायला घेऊ नका. शटल दोरीच्या वरून जात असेल तर बहुधा मनगटाने झटका दिला जातोय. शटल अंगठ्याने ढकला. नेटमध्ये जात असेल तर शटल हातातून सुटून खाली आल्यावर मारलं जातंय.

पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा तो रेषेपासून मागे उभा राहतो, म्हणजे सर्व्हिसनंतर मागचं कोर्ट त्याला गाठता येतं. तुम्ही त्याच्या पुढे, सर्व्हिसच्या मार्गाच्या बाहेर. रिसीव्हरला शटल दिसणार नाही असं उभं राहणं नियमात बसत नाही. त्याचं शटल जास्त अंतर कापतं, त्यामुळे त्याची दोरीची तालीम त्याच्याच जागेवरून व्हायला हवी. पुरुष रेषेला टेकून सराव करतात आणि सामन्यात मीटरभर मागून सर्व्हिस करतात. मग शटल उंच जातं.

सर्व्हिसनंतर लगेच रॅकेट वर. समोरून तीन उत्तरं येतात: नेटवर, अंगावर, किंवा बाजूच्या रेषेलगत अर्ध्या कोर्टात. नेटवरचं तुमचं. अंगावरचं तुमच्या पुढ्यात असेल तर तुमचं. अर्ध्या कोर्टातल्यासाठी एकच नियम आधी ठरवून ठेवा: मारण्यासाठी हात खांद्याच्या मागे न्यावा लागणार असेल तर सोडा, ते त्याचं. हा निर्णय मधेच बदलू नका. शटलला उशिरा रॅकेट लावून निसटता स्पर्श करणं हे सोडण्यापेक्षा वाईट, कारण मागच्याचा पवित्राही मोडतो.

रिसीव्ह करताना रेषेपासून फूटभर मागे उभं राहा. समोरचे फ्लिक टाकतील या धास्तीने दोन पावलं मागे गेलात तर प्रत्येक शॉर्ट सर्व्हिस पट्टीखाली गेल्यावर मिळेल. डबल्समध्ये मागची सर्व्हिस लाइन बेसलाइनच्या ०.७६ मीटर आत असते. फ्लिकला तेवढी कमी जागा आहे. अधूनमधून एखादा फ्लिक डोक्यावरून गेला तर जाऊ द्या. रिसीव्हचा सर्वात उपयोगी फटका म्हणजे समोरची बाई आणि पुरुष यांच्या मधे, बाजूच्या रेषेलगत केलेला हलका पुश. दोघांनाही वाकावं लागतं आणि बऱ्याचदा शटल वर उचललं जातं.

टॅप आणि पुढच्या ड्राइव्ह

ग्रिप वर, जवळजवळ कोनपर्यंत (मुठीच्या वरच्या निमुळत्या भागापर्यंत) सरकवून धरा. रॅकेट आखूड झालं की लवकर वळतं. टॅपमध्ये हात फिरवायचा नसतो. बोटं सैल, शटल लागताना घट्ट, आणि रॅकेट जास्तीत जास्त वीतभर पुढे. लांब स्विंग घेतला तर दोन गोष्टी बिघडतात. रॅकेट नेटला लागतं, किंवा समोरच्याने कसंतरी परत टाकलेलं शटल येतं तेव्हा तुमचं रॅकेट गुडघ्यापाशी असतं. शटलला स्पर्श तुमच्या बाजूला झाला असेल तर फटक्याच्या ओघात रॅकेट नेटवरून पलीकडे गेलेलं चालतं; नेटला लागलेलं चालत नाही.

मल्टी शटल (एकामागून एक शटल टाकून केलेला सराव) असं घ्या: एका सेटला २० शटल, चार सेट, मधे मिनिटभर विश्रांती. टाकणाऱ्याने समोरच्या अर्ध्या कोर्टातून हाताने, उजवीकडे आणि डावीकडे, ठराविक क्रम न ठेवता टाकावीत. पहिल्या दोन सेटमध्ये फक्त टॅप. पुढच्या दोन सेटमध्ये प्रत्येक टॅपनंतर लगेच दुसरं शटल अंगावर ड्राइव्ह करून द्यायचं. नेटच्या सरावाला जुनी फेदर शटल चालतात. ड्राइव्हच्या सरावाला पिसं तुटलेली वापरू नका; ती डगमगत येतात आणि चुकीच्या वेळेची सवय लागते.

शटल उचलावं लागलं तर

समोरचा स्मॅश मारणार हे दिसलं की तुम्ही स्मॅश मारणाऱ्याच्या तिरप्या बाजूला जा आणि जोडीदाराने सरळ समोर राहावं. सरळ स्मॅश वेगात पोहोचतो, तो त्याच्या वाट्याला. क्रॉस स्मॅश जास्त अंतर येतो, तुम्हाला पाहायला वेळ मिळतो, आणि तो अंगाच्या पुढे अडवून नेटवर टाकला की हल्ला परत तुमच्याकडे. म्हणून नेटवरून उचलताना शक्यतो क्रॉस उचला, म्हणजे तुम्ही आपोआप तिरप्या बाजूला असता. सरळ उचललंत तर तुम्हीच स्मॅशच्या समोर राहता आणि जागा बदलायला वेळ नसतो. क्रॉस लिफ्ट मात्र उंच हवी. कमी उंचीची असेल तर समोरची पुढची खेळाडूच ती मधे गाठते.

चांगल्या जोड्या पुढच्या खेळाडूला मुद्दाम मागे ढकलतात. अशा वेळी एका फटक्यात पॉइंट काढायची घाई नको. सरळ हाफ स्मॅश (कमी ताकदीचा स्मॅश) किंवा मधोमध ड्रॉप (नेटजवळ हळूच टाकलेलं शटल), आणि जोडीदार तात्पुरता नेटवर. लिलियाना महिला दुहेरीतही वरच्या पातळीवर जिंकलेली खेळाडू होती, व्हिता मारिसाबरोबर. तिला मागे नेऊन काही हाती लागत नसे, त्यातलं एक कारण हे. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं जागा उलट करून खेळा: बाई मागे, पुरुष पुढे. पुरुषांनाही त्यातून पुढचं काम किती कठीण आहे ते उमगतं.

पुण्याची हवा, शटल आणि गटिंग

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून मुंबईत बरोबर पडणारं शटल इथे लांब जातं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तर आणखी. खेळण्याआधी चाचणी करा. बेसलाइनवरून खालून पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर मारलेलं शटल समोरच्या बेसलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. पलीकडे जात असेल तर एक नंबर खालचं, म्हणजे मंद, घ्या, ७७ऐवजी ७६. हे टाळलं तर तुमच्या लिफ्ट बाहेर जातात, मग तुम्ही हात आखडता आणि लिफ्ट अर्ध्यात पडू लागतात.

थंडीत आणि कडक उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पिसं पटापट तुटतात. आदल्या रात्री नळीची झाकणं काढून पिसांच्या बाजूने पाच-सात सेकंद वाफ द्या, झाकणं लावा, सकाळी वापरा. बुचाला वाफ नको. जास्त वेळ दिली तर शटल जड आणि मंद होतं. पावसाळ्यात वाफेची गरज नाही, नळी घट्ट बंद ठेवली की पुरे.

पुढच्या खेळाडूला ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, किंवा ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम वजनाचं रॅकेट, डोक्याला हलकं किंवा समतोल. गटिंग (तारांचा ताण) २२ ते २४ पाउंड. मात्र रॅकेटवर छापलेली कमाल मर्यादा पाहून.

सामने कसे पाहायचे

तीन फायनल पुरतात. रिओ २०१६: मलेशियाच्या चान पेंग सून आणि गोह लिऊ यिंग यांच्यावर २१-१४, २१-१२. गटातही याच जोडीला हरवलेलं होतं, आणि संपूर्ण स्पर्धेत लिलियाना-तोंतोवीने एकही गेम गमावला नाही. ग्लासगो २०१७: चीनच्या झेंग सिवेई आणि चेन चिंगचेन यांच्याविरुद्ध पहिला गेम १५-२१ गमावून पुढचे २१-१६, २१-१५. ग्वांगझू २०१३: शू चेन आणि मा जिन यांच्याविरुद्ध २१-१३, १६-२१, २२-२०, तेही तिसऱ्या गेममध्ये १८-२० मागे पडल्यावर.

पहिल्यांदा पाहताना शटलकडे पाहू नका, फक्त लिलियानाचे पाय पाहा: तोंतोवी मारायच्या आधी ती कुठे सरकते. दुसऱ्यांदा प्रत्येक सर्व्हिसनंतर व्हिडिओ थांबवा आणि तिसरा फटका कुठे जाईल ते सांगून मग पुढे न्या. ग्लासगोच्या सामन्यात पहिल्या आणि दुसऱ्या गेममधल्या सर्व्हिस आणि रिसीव्ह शेजारी शेजारी ठेवून पाहा. ग्वांगझूच्या सामन्यातले १८-२०नंतरचे चार पॉइंट स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा पाहावेत असे आहेत.

मग तुमचाच एक गेम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कागदावर चार रकाने आखा: तिसरा फटका खाली मारला, सपाट मारला, उचलला, कुणीच घेतला नाही. उचलल्याच्या रकान्यात सर्वाधिक रेषा आल्या तर पुढच्या आठवड्यात पुन्हा दोरी बांधा. शेवटच्या रकान्यात तीनपेक्षा जास्त आल्या तर खांद्याचा नियम दोघांनी मिळून, रिकाम्या कोर्टावर, हाताने शटल टाकत पक्का करा.