किनाऱ्यावरची विहीर मचूळ होऊ लागली? या चुका टाळा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाळूच्या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली साधारण 40 फुटांचा गोडा थर तोललेला असतो. म्हणूनच वरची पातळी एक फूट उतरली, की खालून खारे पाणी हळूहळू 40 फूट वर सरकू शकते.

हे ध्यानात न घेतल्याने सर्वात महागात पडणारी चूक होते, ती मे महिन्यात. तळ दिसू लागला की विहीर आणखी खोल केली जाते किंवा शेजारी बोअर मारली जाते. डोंगरउतारावर हा उपाय ठीक असेल, पण किनाऱ्यावर खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याकडे जाणे होय. मोठ्या अश्वशक्तीचा पंप तासन्‌तास चालवला तरी तेच होते, कारण विहिरीच्या नेमके खाली खारे पाणी सुळक्यासारखे वर ओढले जाते. रहाटाच्या काळी उपसा थोडा आणि खंडित असे. आजही लहान पंप, सकाळ-संध्याकाळ थोडा उपसा आणि तळापासून बराच वर ठेवलेला फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) हेच हिताचे.

दुसरी चूक चवीवर विसंबण्याची. दोन टक्के समुद्राचे पाणी मिसळले तरी क्लोराइड लिटरमागे 350 मिलिग्रॅमच्या वर जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा 250 आहे. डाळ शिजेनाशी होणे, साबणाला फेस न येणे, माडाच्या पात्यांची टोके करपणे या खुणा दिसल्या की एप्रिलअखेर वरचा आणि तळाचा असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. तळचेच पाणी खारट निघाले तर उपसा कमी करून विहीर सावरता येते. श्रावणातही वरचे पाणी मचूळ राहिले तर खोल बोअरचा खालचा भाग बुजवण्याचा विचार करावा.

खाडीकाठी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराची, मोडकी झडप तशीच ठेवू नये. प्रत्येक भरतीला खारे पाणी शेतात शिरून जमिनीत मुरते.

पागोळ्यांचे पाणी गटारात सोडणे मात्र मला खरोखर जिवावर येते. अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या छपरावरून दोन लाख लिटरहून अधिक पाणी मिळते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत उतरवावे.