गळाचं शिसं घरी ओतताना पाणी लांब ठेवा

मासेमारीच्या गळासाठी किंवा पागासाठी (हाताने फेकायच्या जाळ्यासाठी) शिशाची वजनं घरी ओतायला शिकताय? मग सर्वांत जास्त जपा ते पाण्याला. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्या रसात ओलसर तुकडा पडला, की पाण्याची क्षणात वाफ होऊन शिसं थेट अंगावर उडतं. समुद्रातून आलेल्या जुन्या वजनांच्या भोकांत तर पाणी हमखास दडलेलं असतं. म्हणून सगळे तुकडे थंड भांड्यातच भरा, मग आच लावा. साचाही आधी तापवून घ्या. थंड साच्यात वजनावर सुरकुत्या पडतात. काम उघड्यावरच करा. चष्मा, चामडी हातमोजे, बंद बूट हवेतच. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नको, आणि मुलं, गरोदर बाया आसपासही नकोत.