बायोग्लासचा लेप धातूवरून सुटतोय? या चुका टाळा

बायोग्लास म्हणजे हाडाशी जुळणारी काच. टायटॅनियमच्या इम्प्लांटवरचा (शरीरात बसवायच्या धातूच्या भागावरचा) तिचा लेप भट्टीत छान बसलेला दिसतो आणि गार होता होता पापुद्र्यासारखा सुटतो. मग लगेच तापमान वाढवलं जातं, जास्त वेळ भाजलं जातं. बहुतेक वेळा नुकसान होतं ते इथेच.

आधी सुटलेली कपची उलटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. खालचा धातू उघडा पडला असेल तर पकडच बसलेली नाही. धातूवर काचेचा पातळ थर उरला असेल तर पकड ठीक आहे, काच आतून फुटली आहे. हे न पाहता केलेला उपाय म्हणजे अंधारात तीर.

काच फुटण्याचं मूळ बहुधा तिच्या निवडीत असतं. लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये शोधलेली 45एस5 काच हाडाशी उत्तम जुळते, म्हणून सगळे तीच उचलतात. पण तिचा औष्णिक प्रसरण गुणांक (तापल्यावर किती फुगते याचं माप) दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे 15 भाग, तर इम्प्लांटच्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा 9 ते 10. गार होताना काच जास्त आकसू पाहते, धातू तिला आकसू देत नाही, आणि लेपात ओढ तयार होते. काच दाब सोसते, ओढ सोसत नाही, तडे जाणारच. सिलिका (काचेचा मुख्य घटक) वाढवली आणि सोडियम-कॅल्शियमच्या ऑक्साईडांचा काही भाग पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या ऑक्साईडांनी बदलला, की गुणांक धातूच्या जवळ येतो. मात्र सिलिका वजनाने 60 टक्क्यांच्या पुढे गेली की काच हाडाशी जुळेनाशी होते. म्हणून मला दोन थरांची रचना अधिक पटते: खाली धातूला धरणारी सिलिकायुक्त काच, वर हाडाशी बोलणारी.

आता भाजण्याबद्दल. टायटॅनियम आणि काचेतल्या सिलिकाची अभिक्रिया होऊन सीमेवर टायटॅनियम सिलिसाईड तयार होतं. त्याचा अतिशय पातळ थर पकड देतो. जास्त भाजलं की तो जाड आणि ठिसूळ होतो, वायूचे बुडबुडे अडकतात. शिवाय 45एस5 नीट वितळून पसरण्याआधीच स्फटिक धरू लागते, त्यामुळे नुसती उष्णता वाढवून लेप घट्ट होत नाही.

पकडच नसेल तर पृष्ठभाग तपासा. सँडब्लास्टिंगनंतर (कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत केल्यावर) अॅल्युमिनाचे कण धातूत रुतून राहतात, तेव्हा अल्ट्रासोनिक सफाई (द्रवात ध्वनिलहरींनी केलेली) टाळू नका. त्यानंतर उघडा हात लावू नका.

चाचणीतही फसगत होते. लेप किती घट्ट आहे हे यंत्रावर ओढून पाहतात. लेप सच्छिद्र असेल तर त्यासाठी लावलेलं इपॉक्सी (एक गोंद) झिरपून थेट धातूला चिकटतं आणि आकडा खोटाच मोठा येतो. आणि फक्त कोरडा नमुना तपासू नका. ही काच शरीरात विरघळण्यासाठीच बनवलेली आहे. कृत्रिम शरीरद्रवात काही आठवडे ठेवलेला नमुनाही त्याच यंत्रावर ओढून पाहा.