चोवीस तासांची लघवी गोळा करण्याआधी

मायलोमाची (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरची) शंका आली की डॉक्टर रक्तासोबत लघवीतलं बेन्स जोन्स प्रोटीनही तपासायला सांगतात. 'साध्या तपासणीत प्रोटीन निल आलंय, मग हे कशाला?' असं घरात कोणीतरी म्हणतंच. साध्या तपासणीत लघवीत बुडवतात ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रोटीन पकडते. मायलोमाच्या पेशींतून सुटणाऱ्या लाइट चेन (अँटिबॉडीचे छोटे तुकडे, म्हणजेच बेन्स जोन्स प्रोटीन) तिला बहुधा दिसतच नाहीत. १८४५ साली लंडनमध्ये डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आलेल्या लघवीतला साका उकळल्यावर विरघळे आणि गार झाला की पुन्हा जमे. आता हे प्रोटीन ओळखायचं काम इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या लॅबमधल्या चाचण्या करतात.

चोवीस तासांची लघवी साठवायचा कॅन आदल्या दिवशी लॅबमधूनच आणा, पाण्याची जुनी बाटली नको. आत काही रसायन घातलंय का ते विचारा. असेल तर कॅन विसळू नका. दुसऱ्या दिवशी लॅब उघडी असेल असाच दिवस निवडा. पाळी चालू असेल तर तारीख पुढे ढकला. चालू औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, त्यांची यादी मात्र सोबत न्या. आणि पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाणं आधी थांबवा, मायलोमात किडनीला ते फार महागात पडतं.

सकाळी ७ वाजता उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ कॅनवर लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी ७ ची धरून. बहुतेकांची गल्लत याच दोन लघव्यांत होते. संडासला जायचं असेल तर आधी रुंद तोंडाच्या मगात लघवी करून घ्या. वयस्कर माणूस रात्री अर्धवट झोपेत उठतो, म्हणून बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. कॅन पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. घरच्यांनी नाक मुरडलं तर बर्फाच्या बादलीत. पाणी रोजच्याइतकंच प्यायचं, कॅन भरण्यासाठी जास्त नाही.

एखादी वेळ चुकली तर अंदाजाने भर घालू नका, लॅबला सांगून नव्याने सुरू करा. दिवसभरात हे बेन्स जोन्स प्रोटीन किती मिलिग्रॅम गेलं यावर उपचाराचा हिशोब असतो. २०० मिलिग्रॅमच्या वर असलं तर पुढे लघवीवरूनही आजार मोजता येतो. लॅबने छोटी बाटलीच मागितली असेल तर आधी सगळी लघवी मोजा, आकडा लिहा, नीट ढवळा, मगच ओता. फ्री लाइट चेनसाठी (रक्तात सुट्या फिरणाऱ्या लाइट चेन मोजायला) रक्तही बहुधा त्याच दिवशी घेतात, ते आधी विचारून ठेवा म्हणजे दुसरा हेलपाटा वाचेल. पुढच्या वेळीही शक्यतो तीच लॅब धरा.