नायक मेलेला आहे, आता पुढे?

माझी कादंबरी पूर्ण झाल्यापासून नवे लिहिणारे मला हमखास एक प्रश्न विचारतात: हलक्याफुलक्या प्रेमकथेतलं भूत किती घाबरवणारं असावं? घाबरवू दे की हवं तेवढं. पण आधी एक कागद घ्या आणि त्या भुताला काय काय जमत नाही ते लिहून काढा.

माझ्या भुताला वस्तू हलवता येतात, माणसाला स्पर्श करता येत नाही. घराचा उंबरा ओलांडता येत नाही. खोटं बोलता येतं, आणि ते तो मनसोक्त बोलतो. आरशात तो दिसत नाही, त्यामुळे मेल्यापासून आपला भांग सरळ आहे की वाकडा याचा त्याला पत्ता नाही. या चार ओळींतून निम्मी प्रकरणं निघाली. नायिका रागावली की अंगणात जाऊन उभी राहते आणि त्याला दारातून ओरडून माफी मागावी लागते. तिला थंडी वाजली तर तो शाल आणून खुर्चीच्या पाठीवर ठेवतो, खांद्यावर घालू शकत नाही. विनोद आणि विरह एकाच नियमातून आले, मला वेगळी जुळवाजुळव करावी लागली नाही.

साध्या प्रेमकथेत दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं घालण्यासाठी लेखकाला गैरसमज, घरच्यांचा विरोध, भलत्याच्या हाती पडलेलं पत्र असं काहीबाही गोळा करावं लागतं. इथे एक जण मेलेला आहे! इतकी भक्कम अडचण आयती मिळाल्यावर वर आणखी खलनायक कशाला? फक्त ठरवलेला नियम सोयीसाठी मोडू नका. शेवटून दुसऱ्या प्रकरणात भुताला अचानक स्पर्श करता यायला लागला, तर वाचक पुस्तक मिटतो, आणि बरोबरच करतो.

वाचायचं काय, तर जुन्या गॉथिक कथा वाचा, म्हणजे जुने वाडे, गुपितं आणि भुतं यांच्या भयकथा. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४ मध्ये आली. तिच्यात लग्नाच्या दिवशीच वरावर एक अगडबंब शिरस्त्राण कोसळतं आणि तो चिरडून मरतो. वॉलपोलने आधी ही जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर असल्याची थाप मारली होती. पुस्तक गाजल्यावर दुसऱ्या आवृत्तीत तो उघड झाला. म्हणजे थट्टेचा अंश या प्रकारात पहिल्यापासूनच आहे. ॲन रॅडक्लिफ १७९४ च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या कादंबरीमध्ये पानोपानी घाबरवते आणि मग प्रत्येक गोष्टीचा उलगडा करून देते. तिच्याकडून उत्कंठा ताणायची कशी ते शिका, उलगडे मात्र तिथेच ठेवा. भूत खोटं निघालं तर प्रेम कुणावर केलं?

विनोदासाठी मला दोन प्रसंग पुरले. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त वादळी रात्री नायिका जुन्या कपाटातून कागदांची गुंडाळी शोधून काढते, मेणबत्ती विझते, ती भीतीने गारठते. सकाळी पाहावं तर कपडे धुण्याचा हिशोब. ऑस्टिन वादळात एकही विनोद करत नाही, म्हणून तर तो हिशोब इतका हसवतो. ऑस्कर वाइल्डने १८८७ मध्ये लिहिलेल्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’मध्ये साखळ्या खळखळवत येणाऱ्या भुताला घरमालक वंगणाची बाटली देतो: आवाजाने झोपमोड होते, जरा तेल घाला. भुताचा घोर अपमान होतो. त्याने आपलं काम इतकं मनावर घेतलं नसतं तर त्यात हसण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून घर, वारा, अंधार यांना गंभीर राहू द्या. विनोद माणसांच्या वाट्याला सोडा, मेलेली धरून.

घराचा नकाशा काढाच. बंद खोली, जिना, तसबिरी, भुयार हे सगळं एकदम कोंबू नका. मी बंद खोली आणि एक तसबीर एवढंच ठेवलं. भूत कधी मेलं ते ठरवा आणि त्यानंतरचं जग त्याला कुठून कळलं तेही ठरवा. माझ्या भुताला घरात आलेल्या माणसांच्या गप्पांतून जेवढं कानावर पडलं तेवढंच ठाऊक आहे, त्यामुळे त्याला एका भाडेकरूची सगळी उधारी पाठ आहे आणि विमान म्हणजे काय ते माहीत नाही.

मराठीत लिहिताना एक गंमत फुकट मिळते. जुन्या वळणाचं भूत नायिकेला ‘आपण’ म्हणणार, ती त्याला ‘तुम्ही’. ‘तू’ कधी येणार आणि आधी कोण म्हणणार? माझ्याकडे ती म्हणते, भांडणाच्या भरात, आणि तो पुढचं वाक्यच विसरतो. जिथे हात धरता येत नाही तिथे या एका शब्दावर बरंच भागवता येतं. तो पहिल्याच भेटीत खर्चून टाकू नका.

आणखी एक, जरा अवघड. भिंतीतून आरपार जाणारा नायक कुठेही, केव्हाही हजर होऊ शकतो. जुन्या गॉथिक कथांतले धुमसते, दारं लावून घेणारे, गुपितं दडवणारे पुरुष आज जसेच्या तसे नायक म्हणून चालत नाहीत, आणि अदृश्य असले तर मुळीच नाहीत. माझं भूत दार वाजवतं. ते त्याला फार अवमानकारक वाटतं, तरी वाजवतं. कच्चा खर्डा ज्यांना वाचायला दिला, त्यांतल्या बहुतेकींना तो आवडायला लागला ते नेमका इथेच.

शेवट मात्र लवकर ठरवा, कारण वाटा मोजक्याच आहेत. भुताला मुक्ती मिळते आणि ती मागे राहते. किंवा तो जिवंत होतो, पण त्याची किंमत कुणीतरी चुकवायला हवी, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं. किंवा आर. ए. डिक या टोपणनावाने १९४५ मध्ये आलेल्या ‘द घोस्ट अँड मिसेस म्युइर’सारखं: नायिका पूर्ण आयुष्य जगते, म्हातारी होऊन मरते आणि मग दोघं भेटतात. ही तिसरी वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते, पण हलक्या कादंबरीला ती पेलायची तर मधली वर्षं भराभर आणि हसत जायला हवीत. चौथीही एक आहे: दोघं आहेत तशीच एका घरात राहतात, स्पर्शाविना, भांडत. प्रकाशकांना ती अर्धवट वाटते. मी कोणती घेतली ते सांगत नाही, पुस्तक अजून विकायचं आहे.